आबांच्या पायाच्या जखमेवर ‘मॅट्रिक्स’ बसवायचं म्हणतात. ते कशापासून बनतं? बसवावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वडिलांबद्दल विचारायचं आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ७१, शुगर जुनी, आता इन्सुलिन चालू आहे. गाव मिरजेजवळ.

उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, वहाणेचा पट्टा येतो तिथे घासून फोड आला. पाय बधिर, त्यामुळे त्यांना काही दुखलंच नाही. पायमोज्याला ओल लागलेली आईला दिसली तोवर पाय सुजून लाल झाला होता. दवाखान्यात नेल्यावर त्याच रात्री ऑपरेशन करून काळं पडलेलं सगळं काढलं. आता पू नाही, ताप नाही. जखम तळहाताएवढी आहे. कडेनं चांगलं लालबुंद मांस भरतंय, पण मधोमध अंगठ्याकडे जाणारी पांढरी शीर (रक्ताची नव्हे, अंगठा ओढणारी; डॉक्टर तिला कंडरा म्हणतात) उघडी आहे. आबांनी अंगठा वर-खाली केला की ती शीर जखमेत मागं-पुढं सरकताना दिसते. ड्रेसिंगच्या वेळी मी रोज बघते.

डॉक्टर म्हणतात, उघड्या शिरेवर कातडी धरत नाही. आधी त्यावर एक मॅट्रिक्स बसवू, ते आत रुजलं की दोन-तीन आठवड्यांनी मांडीची पातळ कातडी काढून लावू. वस्तू बाहेरून मागवावी लागेल, आणि ती महाग आहे.

आबा माळकरी. तुळशीची माळ गळ्यात घातल्यापासून अंडंसुद्धा घरात आलेलं नाही. त्यांनी तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारलं, “ते कशाचं असतंय?” ते म्हणाले, “गाईचं असतं बहुतेक,” आणि पुढच्या पेशंटकडे गेले. तेव्हापासून आबांनी धरून ठेवलंय की पाय गेला तरी चालेल, पण हे नको.

माझे प्रश्न: हे खरंच गाईचं असतं का? दुसरं काही मिळतं का? ते नेमकं करतं काय? आणि नाही लावलं तर?

रानवाट

ताई, आमच्या चुलत्यांची अशीच जखम हळद आणि कोरफडीनं भरली होती. महागाच्या भानगडीत पडण्याआधी एकदा करून बघा. दीड महिन्यात पाय स्वच्छ झाला होता.

पेढीवाल्या मावशी

कृष्णाकाठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी मुंबईत एका टिश्यू बँकेत, म्हणजे दान केलेल्या ऊतींच्या (हाडं, कातडी वगैरे) पेढीत, तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे लावा किंवा लावू नका हे मी सांगणार नाही. पण ही वस्तू कशी बनते ते हातानं केलेलं आहे, तेवढं नीट सांगते.

आधी रानवाट यांना: तुमच्या चुलत्यांची जखम भरली याचा आनंद आहे, पण इथे शीर उघडी आहे. उघड्या शिरेवर घरातली कोणतीही वस्तू लावायची नाही. ती वाळली किंवा तिच्यात जंतू शिरले तर ती मरते, आणि तिच्या कडेकडेनं पू वर पायाकडे चढतो. कृष्णाकाठ, हे कृपा करून करू नका.

आता आबांचा प्रश्न. तो प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर मिळणं हा त्यांचा हक्क आहे. “बहुतेक” हे उत्तर नव्हे. प्रत्येक खोक्यावर ती वस्तू कशापासून केली ते छापलेलं असतं. मागवायच्या आधी कंपनीचं माहितीपत्रक मागून घ्या.

मॅट्रिक्स या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू येतात. बोस्टनमध्ये जॉन बर्क आणि आयोनिस यानास यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी एक थर तयार केला, त्याचे निकाल १९८१ साली प्रसिद्ध झाले. तो गाईगुरांच्या कंडरेतलं कोलॅजन (चिवट तंतूंचं प्रथिन) आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक घटक मिळून बनतो. वरून सिलिकॉनचा पापुद्रा असतो, खालचा थर रुजला की तो सोलून काढतात. आबांसाठी सुचवलेली वस्तू याच जातीची असेल तर तरुण डॉक्टर बोलले ते बरोबर आहे.

दुसरी जात डुकराची. अमेरिकेत स्टीफन बॅडिलॅक यांनी १९८०च्या दशकात डुकराच्या लहान आतड्याचा मधला थर वापरून दाखवला, तिथून हा सगळा मार्ग मोठा झाला. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं डुकराच्या पित्ताशयापासून कोलेडर्म नावाचा थर केला. त्याला २०२३ साली केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. बाहेरून येणाऱ्या मालाच्या मानानं तो बराच स्वस्त पडावा हा त्यामागचा हेतू, आणि ज्यांना डुकराचं चालतं त्यांच्यासाठी ती फार मोलाची गोष्ट आहे.

तिसरी माशाची. आइसलँडच्या इसाफ्योर्दुर या गावी कॉड माशाच्या कातडीपासून जखमेवरचा थर बनवतात. थंड समुद्रातल्या माशाचे विषाणू माणसाला लागण्याचा धोका फार कमी असतो, म्हणून त्या कातडीवर कडक रसायनांचा मारा करावा लागत नाही आणि तिच्यातलं तेल शिल्लक राहतं. आपल्या बाजारातही माशाच्या कोलॅजनची ड्रेसिंगं मिळतात.

आणि चौथी माणसाची, जी मी हाताळली. माणसाच्या कातडीतल्या पेशी धुऊन केलेला थर असतो, आणि वारेचं आतलं पातळ आवरण असतं. त्याला दवाखान्यात ॲम्निऑन म्हणतात. बाळ ज्या पाण्यात असतं त्या पिशवीचा हा अगदी आतला पदर.

हे सविस्तर सांगते, कारण आबांना हेच ऐकवायचं असेल. सिझेरियनच्या आधीच आईला सगळं समजावून लेखी संमती घेतात. तिची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग अशा तपासण्या होतात. बाळ झाल्यावर जी वार एरवी फेकून दिली जाते, ती निर्जंतुक भांड्यात थंड ठेवून पेढीत येते. आम्ही ती पसरून बोटांनी आतला पदर बाहेरच्या पदरापासून सोडवायचो. घाई केली तर फाटतो. मग रक्ताचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत सलाइनमध्ये पुन्हा पुन्हा धुवायचा. धुतल्यावर इतका आरपार दिसतो की ट्रेवर आहे की नाही ते प्रकाशात तिरका धरून बघावं लागतं. तो गॉजवर सुरकुती न पडू देता पसरायचा, गोठवून वाळवायचा, दुहेरी पाकिटात बंद करायचा, आणि पाकिटं गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला पाठवायची. ठरलेली मात्रा २५ किलोग्रे. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड हा प्रकल्प १९७४ पासून हेच काम करतो. टाटा मेमोरिअल रुग्णालयातली टिश्यू बँक १९८८ ची आहे, हाडं आणि ॲम्निऑन दोन्ही तिथे तयार होतात. म्हणजे ही काही परदेशातली नवी टूम नाही. ॲम्निऑन जखमेवर लावून बघण्याची सुरुवात तर १९१० साली बाल्टिमोरला झाली.

या पदरात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. त्यामुळे दुसऱ्याच्या अंगावर लावला तरी शरीर सहसा त्याच्यावर उठत नाही. ब्लड ग्रुप जुळवावा लागत नाही.

आता ते करतं काय. तुमच्या भागात द्राक्षबागा आहेत म्हणून तसंच सांगते. मांडव वेल वाढवत नाही, वेल स्वतः वाढते, मांडव तिला चढायला जागा देतो. मॅट्रिक्स तसं. त्याच्या बारीक छिद्रांतून आबांच्याच पेशी आणि आबांच्याच केशवाहिन्या कडेनं आणि तळानं आत शिरतात, नवं कोलॅजन विणतात, आणि त्याच वेळी लावलेला थर हळूहळू विरघळत जातो. काही महिन्यांनी तिथे जे उरतं ते आबांचं. प्राण्याच्या पेशी तर बनवतानाच धुऊन काढलेल्या असतात, कारण शरीर नाकारतं ते प्रामुख्यानं पेशींना. पेशी गेल्या की उरते ती तंतूंची जाळी, आणि ती बऱ्याच प्राण्यांत जवळपास सारखी असते.

पण मांडव घातला आणि मुळाला पाणीच नसेल तर? हा प्रश्न मला आबांच्या माळेइतकाच महत्त्वाचा वाटतो. पायात रक्त पुरेसं पोहोचतंय का, हे तपासलंय का? आमच्याकडून गेलेली पाकिटं वाया गेल्याचं जेव्हा जेव्हा कळायचं, तेव्हा कारण बहुतेक वेळा खाली असायचं. रक्तपुरवठा नाही, किंवा आत जंतू राहिलेले, किंवा पेशंट त्याच पायावर चालत राहिलेला. कुणा आईनं विश्वासानं दिलेला पदर अशा जखमेवर गेला की मला फार लागायचं. म्हणून डॉक्टरांना एवढं विचाराच.

कृष्णाकाठ

मावशी, तुमचे किती आभार मानू. आबांना सगळं वाचून दाखवलं. वारेचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कुणा माउलीनं दिलं असंल तर ते कसं नको म्हणायचं?” पण लगेच पुढचा प्रश्न: त्या बाईला पैसे देतात का? विकत घेतलेलं असेल तर त्यांना नको आहे.

रक्तपुरवठ्याबद्दल: घोट्याशी पट्टा बांधून मोजलं होतं. आकडा चांगला आला असं सांगितलं.

पेढीवाल्या मावशी

आबांना सांगा, आईला पैसे देत नाहीत. दान म्हणजे दानच. मानवी अवयवांचा व्यापार १९९४ च्या कायद्यानं बंद आहे, आणि २०११ च्या दुरुस्तीनं त्यात ऊतीही आल्या. पाकिटाचे जे पैसे पडतात ते तपासण्या, धुणं, वाळवणं, किरणं, पॅकिंग यांचे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडून समजून घ्या. एकेरी ॲम्निऑन फार पातळ असतं. उथळ जखमेवर, भाजल्यावर, डोळ्यावर ते सुरेख काम करतं. उघड्या शिरेवर ते एकट्यानं पुरेल का, हे जखम पाहणारेच सांगू शकतील.

सुई-दोरा

प्लास्टिक सर्जन आहे, पुण्यात. पाय न पाहता उपचार सांगणार नाही, पण दोन-तीन मुद्दे इथे यायला हवेत.

कातडीचं कलम पहिले काही दिवस खालच्या ओलाव्यावर जगतं, मग खालून रक्तवाहिन्या त्यात शिरतात. कंडरेवर एक पातळ आवरण असतं. ते शाबूत असेल तर त्यावर कलम धरू शकतं. ते गेलं असेल तर खाली रक्तच नाही, कलम काळं पडतं. तुम्ही लिहिलंय की अंगठा हलवला की शीर सरकते. या सरकण्यानंही कलम निसटतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांची योजना चुकीची नाही: आधी थर रुजवायचा, मग पातळ कातडी. तो रुजेपर्यंत अंगठा आणि घोटा प्लास्टरच्या स्लॅबमध्ये (अर्ध्या पट्टीत) स्थिर ठेवावा लागेल.

पण मॅट्रिक्स हा एकच मार्ग नाही. जखमेतली हवा ओढून घेणारं यंत्र, ज्याला सगळे व्हॅक म्हणतात, ते लावून बाजूचं मांस शिरेवर चढवता येतं. शीर लहान भागातच उघडी असेल तर हे बऱ्याचदा जमतं. शीर आधीच मेलेली, पिवळट, तंतू सुटलेली असेल तर ती काढून टाकणंच बरं. अंगठा वर उचलायची ताकद कमी होईल, पण चालता येतं. आणि काही वेळा बाजूची किंवा दुसरीकडची कातडी रक्तवाहिनीसकट फिरवून आणावी लागते.

घोट्याच्या आकड्याबद्दल फार महत्त्वाचं: जुन्या मधुमेहात पायाच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं. त्या दाबल्याच जात नाहीत, म्हणून घोट्याशी दाब खोटा जास्त येतो. आकडा उत्तम आणि पाय उपाशी, असं मी पाहिलेलं आहे. अंगठ्यातला दाब मोजायला सांगा, सोबत डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. बोटांच्या धमन्यांत हा प्रकार कमी असतो, म्हणून तो आकडा अधिक भरवशाचा. रक्त कमी निघालं तर आधी फुग्यानं धमनी मोकळी करायची, बाकीचं नंतर.

मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं २०२३ साली सूचना काढल्या. त्यांत साध्या कोलॅजन ड्रेसिंगनं जखम लवकर भरते असं मानून ती वापरू नका, असं म्हटलंय. वारेपासून केलेल्या थरांचा विचार करता येईल, पण नेहमीचे उपचार नीट करूनही जखम आकसत नसेल तरच. नेहमीचे उपचार म्हणजे वेळोवेळी जखम साफ करणं, पायावरचा भार आणि घासणं टाळणं, रक्तपुरवठा, जंतू आणि साखर. आबांची कड लाल आणि भरती आहे, ही चांगली खूण आहे.

माळेबद्दल: माझ्याकडे जैन, माळकरी, मुस्लिम असे सगळे रुग्ण येतात. मी संमतीपत्राच्या आधीच विचारतो. टाक्यांचा कॅटगट दोरासुद्धा जनावराच्या आतड्याचा असतो, त्याला कृत्रिम दोरा हा पर्याय सहज मिळतो. आबांची अट केसपेपरवर ठळक लिहून घ्या, म्हणजे थिएटरमध्ये ऐनवेळी कुणी काही उघडणार नाही.

ठाणे_पूर्व

थोडं बाजूचं, पण आबांनी दानाबद्दल विचारलं म्हणून लिहितो. माझ्या बहिणीला स्वयंपाकघरात भाजलं होतं. निम्म्याच्या जवळ अंग. स्वतःची कातडी काढायला जागाच उरली नव्हती. तेव्हा तिच्या अंगावर स्किन बँकेतली, गेलेल्या माणसांनी दिलेली कातडी लावली. ती कायमची टिकत नाही, काही आठवड्यांनी शरीर ती सोडून देतं, पण तोवर पाणी आणि जंतू अडवते आणि वेदना कमी करते. बहीण आज शाळेत शिकवते.

मुंबईत शीव रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशा बँका आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवावं लागतं. मांड्या, पाय आणि पाठीवरून अगदी पातळ थर घेतात, रक्त वाहत नाही, चेहरा-हात तसेच राहतात, मग पट्टी बांधून देह परत देतात. कातडी ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत राहते. वयस्कर माणसांचीही चालते. आमच्या वडिलांची आम्ही दिली. ज्यांच्या घरी हा विषय निघू शकतो त्यांनी काढावा, एवढीच विनंती.

कृष्णाकाठ

मंडळी, खबर द्यायला आले.

अंगठ्याचा दाब मोजायची सोय आमच्या दवाखान्यात नव्हती, मिरजेतच दुसरीकडे करून घेतला. सुई-दोरा सर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. घोट्याला उत्तम, अंगठ्याला कमी. डॉपलरमध्ये गुडघ्याखालच्या दोन धमन्या अरुंद दिसल्या. त्यातली एक फुग्यानं मोकळी केली. दुसऱ्याच दिवशी पाऊल हाताला गरम लागायला लागलं, आई सारखी हात लावून बघत होती.

मॅट्रिक्स तूर्त थांबवलंय. डॉक्टरांशी शांतपणे बोललो, त्यांनीही ऐकून घेतलं. व्हॅक लावलंय आणि पायाला मागून स्लॅब. आज पट्टी बदलताना शिरेच्या दोन्ही कडांवर लाल दाणेदार मांस चढलेलं दिसलं, मधे पांढरी रेघ उरलीय. ती पूर्ण झाकली गेली तर थेट कातडी लावतील. नाहीच झाकली तर माणसाच्या ऊतीचा थर मागवायचा, गाईचा नाही, असं केसपेपरवर लिहून घेतलंय. टाक्यांच्या दोऱ्याचंही लिहिलं. आबांनी स्वतः वाचून मग सही केली.

आबांचा आता एकच प्रश्न राहिलाय: पुढच्या आषाढीला चालता येईल का? मला तर सांगायचं धाडस होत नाही.

सुई-दोरा

रक्त आधी मोकळं केलंत, हे उत्तम झालं. आषाढीचं आत्ता कुणीच सांगू शकत नाही. जखम बंद झाल्यावरही नव्या कातडीला जोर यायला महिने लागतात, आणि तिथे संवेदना नसेल. शिवाय मोकळी केलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, तेव्हा ठरावीक काळानं तपासणी चुकवू नका. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

पेढीवाल्या मावशी

दोन्ही कडांनी मांस चढतंय हे वाचून फार बरं वाटलं. व्हॅकची नळी मधेच बंद पडली किंवा यंत्र सारखं वाजायला लागलं तर सकाळपर्यंत थांबू नका. यंत्र बंद असताना जखमेत बसवलेला त्याचा स्पंज तसाच राहिला तर आत घाण साठते. रात्रीसुद्धा ड्यूटीवरच्या सिस्टरला उठवा.

आणि ती पट्ट्याची वहाण आजच घरातून काढा. जखम भरल्यावर एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची, मऊ तळव्याची, वरून पट्टा सैल करता येईल अशी चप्पल पायाचं माप देऊन करून घ्या. पट्टा नव्या कातडीवर येणार नाही असा पुढे किंवा मागे घ्यायला सांगा. रोज रात्री पाय कोण बघणार तेही घरात ठरवून टाका. आबांना स्वतःला वाकून दिसणार नाही, आणि दुखणार तर नाहीच.